देवळालीच्या दरबारातला फितूर

देवळाली प्रवऱ्यात रंभाजी जगधने कोण, असं विचारलं तर चार जण चार दिशा दाखवतील. पण काटेवाले रंभाजी म्हटलं, की शेंबडं पोरही थेट दारात आणून सोडील. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी एकतीस हंगाम काढले. उसाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढायची, मग ऊस टाकायच्या गव्हाणीत मोकळी होऊन पुन्हा काट्यावर यायची. दोन वजनांची वजाबाकी करायची, त्यातून पाचटाची घट काढायची, राहील ते निव्वळ वजन. काम एवढंच. पण एवढ्याशा कामातही माणसं काय काय करीत. कोणी मोळ्यांवर पाणी मारून आणी. कोणी भरल्या गाडीबरोबर स्वतः काट्यावर उभा राही आणि रिकाम्या वेळी बिडी ओढायला खाली उतरे. रंभाजी आधी चाकं बघत, मग माणसाचे पाय, आणि शेवटी तोंड. तोंडावर त्यांचा भरवसा सगळ्यात कमी.

नोकरी संपली तरी नजर काही निवृत्त झाली नाही. बाजारात भाजीवालीच्या तागडीखाली ते वाकून बघत. त्यांची बायको सुमनबाई म्हणायची, यांच्यासंगं बाजाराला जायचं म्हणजे पंचनाम्याला जायचं.

गावच्या वाचनालयाचं काम भारती बघायची. ती रंभाजींच्याच वस्तीतली, इतिहास घेऊन बी.ए. झालेली, त्यांना तात्या म्हणणारी. १९९५ च्या सप्टेंबरात तिनं त्यांच्यापुढं वर्तमानपत्रातली एक बारकी जाहिरात धरली. नाशिकचे कोणी निवृत्त प्राध्यापक टपालानं एक खेळ खेळवणार होते. नाव 'दख्खनचा पट'. पाच गावांतले पाच संघ, प्रत्येक संघ म्हणजे सोळाव्या शतकातला एक दरबार. संघातल्या प्रत्येकानं एक हुद्दा घ्यायचा आणि त्या हुद्द्याला शोभेल असं वागायचं-बोलायचं. फौज कुठं न्यायची, धान्य कुठं साठवायचं, तह कोणाशी करायचा, हे बसून ठरवायचं आणि दर महिन्याला पत्रानं कळवायचं. पाचही पत्रं वाचून प्राध्यापक निकाल लावणार आणि 'अखबार' नावाचा सायक्लोस्टाईल कागद सगळ्यांना पाठवणार. जिंकेल त्या गावच्या वाचनालयाला कपाटभर पुस्तकं मिळणार होती. नगरची निजामशाही अजून कोणी घेतलेली नव्हती.

"नगर आपलं, आणि ते सांगलीकरांनी खेळायचं का तात्या?" भारती म्हणाली.

रंभाजींनी जन्मात कधी पत्त्याचा डावही मांडला नव्हता. पण रिकामपण खायला उठलं होतं. त्यांनी संघ जमवायचं अंगावर घेतलं, आणि जमवता जमवता त्यांच्या नाकी नऊ आले. मास्तरांना परीक्षा होत्या. टपालवाले म्हणाले, आम्ही जन्मभर दुसऱ्याचीच पत्रं वाहिली, आता पुरे. शेवटी वाचनालयाचे अध्यक्ष राधाकृष्णशेठ तयार झाले. त्यांचं खताचं आणि बियाण्याचं दुकान, गोदाम सांभाळायची सवय, म्हणून ते निजामशाहीचे कोठावळे. भारतीला चांदबिबी व्हायचं होतं, पण यादीत नुसते हुद्देच होते. ती झाली वकील, म्हणजे दुसऱ्या दरबारांशी बोलणी करणारी. काळा कोट शिवून घे, असं शेठ तिला रोज चिडवीत. रंभाजी वयानं मोठे, शब्दाला वजन असलेले; ते वजीर. राहिला किल्लेदार.

रंभाजींनी गोरक्षनाथाचं नाव काढलं तसे शेठ खुर्चीत सरळ झाले.

"दगड्या? किल्ल्याच्या चाव्या दगड्याच्या हातात?"

हे नाव गोरक्षनाथाला चिकटलं त्याला बारा वर्षं झाली होती, आणि ते चिकटवणारे रंभाजीच होते. गोरक्षनाथ पाथर्डीकडचा. ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रॅक्टर घेऊन आला आणि पुढं कॅनॉलच्या कडेला घर बांधून इथलाच झाला. त्र्याऐंशीच्या हंगामात त्याची भरली ट्रॉली काट्यावर आली तेव्हा मागच्या फळीला मोठा थोरला दगड होता. रिकामी ट्रॉली परत आली तेव्हा दगड नव्हता. रंभाजींनी अहवाल लिहिला. दगड चढावर गाडी मागं सरू नये म्हणून चाकाला उटी लावायचा आहे, गाड्यांच्या तळावर दुसऱ्याच्या चाकाखाली लावला तो तिथंच राहिला, असं गोरक्षनाथ सांगत राहिला. कोणी ऐकलं नाही. त्या हंगामापुरती त्याची गाडी बंद झाली. पुढं दोन वर्षांनी एका लग्नाला जाताना रंभाजींनी घाटात पाहिलं, तिकडच्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागं असा एकेक दगड होता. ते त्यांनी सुमनबाईला सांगितलं. दुसऱ्या कोणालाच नाही.

शेठपुढंही त्यांनी ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की घाट, चढ, पाणवठे आणि कुठल्या वाटेनं गाडी रुतते हे त्याच्याइतकं आपल्यात कोणाला ठाऊक नाही. हे खरंच होतं. गोरक्षनाथ आला. डोक्याचा टॉवेल काढून मांडीवर ठेवून बसला, नकाशावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हितून तोफा न्ह्यायच्या न्हाईत साहेब. काळी माती हाय, आसापर्यंत जात्याल." पहिल्याच महिन्यात त्याच वाटेवर विजापूरकरांच्या तोफा रुतल्या आणि त्या एका वाक्यानं आपल्या वाचल्या. भारतीनं टाळ्या वाजवल्या. शेठनी मात्र विचारलं, याला एवढं कसं माहीत?

संशयाचं बी खेळातच पेरलेलं होतं. नियमांच्या कागदावर अकरावं कलम असं: प्रत्येक दरबारात एक फितूर असेल. कोण, ते फक्त त्यालाच कळेल. त्यानं दर महिन्याला एक खरी बातमी गुपचूप प्राध्यापकांकडं पाठवायची. ते ती शत्रूला देतील आणि मागाहून अखबारात छापतील. बातमी आलीच नाही किंवा खोटी निघाली तर दरबाराचा एक किल्ला जाईल. फितुरानं तोंडानं कबुली दिली तर सबंध दरबार खेळातून बाद.

दसऱ्याच्या सुमाराला चौघांना चार बंद पाकिटं आली. रंभाजींनी आपलं पाकीट घरी परसात फोडलं. आत चिठ्ठी होती: 'आपण फितूर आहात. वाचून जाळावी.'

त्यांनी ती तीनदा वाचली. मग चुलीत घातली आणि राख होईपर्यंत तिथंच बसले. एकतीस हंगामांत त्यांच्या काट्याला कोणी बोट लावू शकलं नव्हतं. बागायतदार पाकिटं घेऊन आले आणि चहा पिऊन परत गेले. आणि आता हे. नाही म्हणून कळवावं, तर खेळच मोडतो. इतक्या मिनतवारीनं जमवलेला संघ. शेवटी त्यांनी मनाला समजावलं, की हुद्दा आहे, करायचा. नियमाप्रमाणं केलेल्या कामात लबाडी कसली?

पण अंगवळणी पडेना. पत्र गावच्या पेटीत टाकलं तर टपालवाला अक्षर ओळखील, म्हणून ते राहुरीला जाऊन टाकू लागले. बैठकीत चोरासारखे बसू लागले. भारतीनं सहज मान वर केली तरी यांना वाटे, ही ओळखते आहे. शेठ प्रत्येक वेळी निघताना कागद मोजून घेत आणि मोजताना चौघांकडं आळीपाळीनं बघत. भारतीही बदलली. पूर्वी ती पत्राचा मसुदा मोठ्यानं वाची; आता वही छातीशी धरून बोलू लागली. एकदा गोरक्षनाथ पाणी प्यायला उठला, तर परत येईपर्यंत तिघंही गप्प बसून राहिली. त्याच्या ते लक्षात आलं. "मला कापताय का काय, समदी वाट बघत बसलाय ती," तो हसत म्हणाला. हसला तो एकटाच.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी अखबार आला. नगरच्या कोटाला पडलेला वेढा विजापूरकरांनी नेमका आपलं धान्य संपेपर्यंत चालवला होता. तटाचा एक बुरूज गेला. खाली 'फितुराकडून' या मथळ्याखाली बातमी जशीच्या तशी छापली होती. शेठनी ती मोठ्यानं वाचली:

"नगरच्या कोठारात धान्य भरती चारशे खंडी, घट वजा जाता निव्वळ तीनशे नव्वद."

वाचून त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि वर हात ठेवला.

"कोठावळा मी. माझ्या वहीत चारशे आहेत. ही घट कोणी काढली? धान्याच्या खंडीला घट कोण काढतं? घट उसाला काढतात."

आपण असं लिहिलं हे रंभाजींना आठवतही नव्हतं. एकतीस वर्षांचा हात. आकडा दिसला की घट काढल्याशिवाय पुढं सरकत नव्हता.

भारती हळूच म्हणाली, की हे काट्यावरचं बोलणं आहे.

"मग? काट्यावर उठबस असलेले इथं दोघंच," शेठ म्हणाले. "तात्यांचं सोडा. त्यांच्यावर संशय घेणाऱ्याची जीभ झडेल. राहिलं कोण? ज्याला काट्यावरच धरला होता तो."

गोरक्षनाथ ओरडला नाही. त्यानं रंभाजींकडं बघितलं. भरली गाडी काट्यावर चढल्यावर काटा स्थिर व्हायची वाट बघतात, तसा तो बघत राहिला. रंभाजी नकाशाकडं बघत होते. कबुली दिली तर दरबार बाद, पुस्तकं गेली, भारतीचं कपाट गेलं. असं काहीबाही त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं, आणि तेवढ्यात वेळ निघून गेली. गोरक्षनाथानं टॉवेल उचलून डोक्याला गुंडाळला, रामराम केला आणि तो गेला.

खेळातली गोष्ट खेळात राहती तर प्रश्न नव्हता. पण शेठच्या दुकानात दिवसाला पन्नास माणसं येत. आठवड्यात गावभर झालं, की दगड्यानं निजामशाहीतही दगड घातला. चहाच्या टपरीवर त्याला बघून कोणी म्हणे, किल्लेदार आले, चाव्या आत ठेवा. शेठच्या खताच्या गोण्या नगरहून तोच आणायचा. ते काम दुसऱ्याला गेलं. का, ते कोणी विचारलं नाही. नव्या लोकांना बारा वर्षांपूर्वीची गोष्ट ठाऊक नव्हती, त्यांनाही ती आता कोणीतरी बसवून सांगितली.

रंभाजींचं जेवण तुटलं. एक दिवस दुपारी ते टोपी घालून राहुरीला निघाले तशी सुमनबाई दारात आडवी उभी राहिली.

"राहुरीला कोन हाय?"

"कोण असणार?"

"चार महिने बघत्येय. पत्र लिवायचं, सदऱ्याच्या आत घालायचं आन् राहुरीला पळायचं. या वयात मला कुनाचं तोंड बघायला लावू नका."

त्यांना हसावं की रडावं कळेना. मग उंबऱ्यावरच बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं; चिठ्ठी, राख, घट, निव्वळ, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्या मान्साला कशापायी जळू देता?"

"खेळाचा नियम आहे. मी बोललो तर—"

"काट्यावर बी नियमच हुता," सुमनबाई म्हणाली आणि आत गेली.

ते पत्र मात्र त्यांनी त्या दिवशी टाकलं. का टाकलं, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. कदाचित हातात पत्र होतं म्हणून.

त्या रविवारी त्यांनी वाचनालयात शेठ आणि भारतीपुढं कबुली दिली. उभं राहून, टोपी हातात घेऊन. फितूर मी आहे, म्हणाले. गोरक्षनाथाचा यात काही संबंध नाही.

भारतीनं मान खाली घातली. शेठच्या चेहऱ्यावर एकदम मोठी माया आली.

"तात्या, तुमचं मन मोठं. पण असं दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेऊ नये."

रंभाजी म्हणाले, खरं सांगतो आहे. शेठ म्हणाले, चिठ्ठी दाखवा. चिठ्ठी तर जाळली होती. शेठनी भारतीकडं बघून डोळे मिचकावले. तीही म्हणाली, "तात्या, तुम्हाला खोटं बोलताच येत नाही. बघा, कान लाल झालेत."

रंभाजींची जन्मभर जोडलेली अब्रू अशी आडवी आली होती. लबाड माणसाचं खरं कोणी ऐकत नाही हे त्यांनी काट्यावर रोज पाहिलं होतं. सरळ माणसाचंही ऐकत नाहीत, हे आज कळलं.

मग त्यांना त्या पत्राची आठवण झाली. त्यांनी भारतीची वही ओढली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'भिंगारच्या बाजूच्या दरवाजावर पहारा फक्त साठ माणसांचा, त्यातले वीस आजारी.' खाली तारीख घातली, सही केली.

"पुढच्या अखबारात हे छापून येईल. अक्षरन् अक्षर हेच. पत्र गेलंय. मग ठरवा."

शेठ म्हणाले, येईल तेव्हा बघू, तोपर्यंत नाशिकला काही कळवायचं नाही. तीन आठवडे तसेच गेले. त्या तीन आठवड्यांत शेठच्या मनात नवीनच शंका आली, ती त्यांनी भारतीजवळ बोलून दाखवली: दगड्यानंच तात्यांना हे आधी सांगून ठेवलं असेल तर? रंभाजींच्या कानावर ते गेलं. एकदा मनात काटा रुतला की माणूस किती लांबचं बघतो, हे त्यांना नवीन नव्हतं. आजवर ते स्वतःच तसं बघत आले होते.

फेब्रुवारीत अखबार आला. साठ माणसं, वीस आजारी. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होता. भारतीनं वही आणि अखबार शेजारी शेजारी ठेवले, मग दोन्हींवरून हात फिरवला. नियमाप्रमाणं तिनंच नाशिकला पत्र लिहिलं, की फितुरानं कबुली दिली आहे. निजामशाही बाद झाली. पत्र लिहिताना ती तात्यांशी बोलली नाही. आणि त्यानंतरही बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

रंभाजी अखबार घेऊन कॅनॉलवर गेले. गोरक्षनाथ ट्रॉलीच्या खाली उताणा पडून ग्रीस भरत होता. त्यानं बाहेर यायची घाई केली नाही. रंभाजींनी तिथंच उकिडवं बसून अखबार वाचून दाखवला, मग सगळी हकिकत सांगितली.

खालून आवाज आला, "हे मला कशाला दावता साहेब? मला ठावंच हुतं की म्या न्हाई."

रंभाजींनी अखबाराची घडी घातली.

"तवाबी ठावं हुतं," गोरक्षनाथ म्हणाला.

ग्रीसची बंदूक दोनदा वाजली. रंभाजी म्हणाले, की त्या वेळी माझं चुकलं. घाटात दगड बघितले तेव्हाच कळलं होतं, आणि दहा वर्षं मी गप्प बसलो. हे बोलायला त्यांना फार वेळ लागला. गोरक्षनाथ बाहेर आला, हात पुसले, आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "ज्यानला ठावं न्हाई, त्यानला सांगा."

ते तिथून थेट शेठच्या दुकानात गेले. मंगळवार होता, बियाण्याला गर्दी होती. शेठ म्हणाले, आत या तात्या, चहा घेऊ. रंभाजी आत गेले नाहीत. गिऱ्हाइकांत उभे राहूनच त्यांनी सांगितलं: खेळातला फितूर मी; आणि त्र्याऐंशीच्या हंगामातला तो अहवालही माझा चुकलेला. दगड उटीचा होता. बोलताना एकही शब्द चुकला नाही. शेठ वजनाच्या तागडीशी चाळा करीत राहिले.

मग मागून एक शेतकरी म्हणाला, "म्हंजी चार महिने आमच्या म्होरं साळसूद बसून तुमी हे करीत हुता. मंग एकतीस वर्सं काट्यावर काय केलं, त्याचा काय भरवसा?"

दोघं-चौघं हसले. पण एक जण हसला नाही. तो खरोखरच हिशेब करीत होता, आपला कोणत्या साली किती ऊस गेला त्याचा. रंभाजींना ते दिसलं. एरवी त्यांनी असल्या माणसाला जागच्या जागी नोंदवह्या दाखवल्या असत्या. आज त्यांनी टोपी नीट केली आणि पायरी उतरले. त्यानंतर बाजारात ते तागडीखाली वाकले, की भाजीवाल्या एकमेकींना कोपर मारू लागल्या. ते वाकायचे बंद झाले नाहीत.

खताच्या गोण्यांचं काम मार्चमध्ये गोरक्षनाथाकडं परत आलं. शेठ तोंडानं काही बोलले नाहीत. नुसता निरोप पाठवला. टपरीवर दगड्या हे नाव अजून निघे, पण म्हणणारा आता आधी आजूबाजूला बघून घेई.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी गोरक्षनाथ वाचनालयात आला. रंभाजी टेबलाशी पेपर वाचत होते. तो त्यांच्याजवळ बसला नाही, एक पेपर घेऊन खिडकीशी बसला. बऱ्याच वेळानं त्यानं भारतीला विचारलं, की ते नाशिकवाले गुरुजी पुन्यांदा खेळ लावणार हायेत का. ती म्हणाली, दिवाळीनंतर.

"माजं नाव घाला."

"वजीर कोण करायचा?" भारतीनं विचारलं. विचारताना ती रंभाजींकडं बघत नव्हती, पण त्यांच्यासाठीच विचारत होती.

गोरक्षनाथानं पेपरचं पान उलटलं.

"हायेत त्येच ऱ्हाऊ द्या. पन ह्या टायमाला पाकिटं समद्यांच्या म्होरं फोडायची."

"अहो, मग खेळात राहिलं काय?" भारती म्हणाली.

"लढाई ऱ्हाईल की," तो म्हणाला.